जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलमधून कटकट: जॉइंटच गेलाय हे कसं ओळखायचं?

वेल्ह्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००८ ची जिप्सी किंग आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. शेत वेल्हे तालुक्यात आहे. डांबर संपल्यावर तीनेक किलोमीटर मातीची चढण आणि मध्ये एक ओढा, त्यामुळे पावसाळाभर फोर बाय फोर लागतंच. एरवी गाडी टू एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर.

गेल्या पावसाळ्यानंतर पुढून आवाज यायला लागला. चढणीवर डावीकडे वळताना जास्त. गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी एक चक्कर मारली, चाक न उघडता सांगितलं, "दोन्ही बाजूचे जॉइंट गेले, दोन्ही टाकून घ्या." (जॉइंट म्हणजे पुढचं चाक वळलेलं असतानाही त्याला ॲक्सल शाफ्टची ताकद पोचवणारा सांधा.) खर्चाला माझी ना नाही, गाडी माझी लाडकी आहे. पण दोन्ही गेले हे कशावरून, हे विचारल्यावर "आवाजावरून कळतं" एवढंच उत्तर मिळालं.

मला शिकायचंय. घरच्या घरी, जॅक आणि पान्यांवर, जॉइंट गेलाय की दुसरं काही हे कसं तपासायचं? मी इंजिनिअर नाही, पण हात काळे करायची तयारी आहे.

घाटमाथा_४२

चांगला प्रश्न. आधी आवाजाचं नीट वर्णन द्या, 'आवाज येतो' यावरून काही सांगता येणार नाही. एकदाच 'टक' होतं की चाकाच्या गतीबरोबर 'कट कट कट' चालू राहतं? ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतं की सोडल्यावर? ब्रेक दाबताना काही होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: तेव्हा हब (पुढची चाकं ॲक्सल शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) लॉक होते की फ्री?

ग्रीसगन

आणि चाकाच्या आतल्या बाजूला डोकावून बघा. नकलच्या, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या भागाच्या, गोळ्यावर ग्रीस कसं आहे? घट्ट काळं की पातळ, ओघळलेलं?

कातळवाट

सोपा नियम आहे. डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा जॉइंट गेला, उजवीकडे वळताना आला तर डावा. वळणात बाहेरच्या चाकावर भार येतो म्हणून.

आयटीआय_मास्तर

कातळवाट, हा नियम मीही वीस वर्षं ऐकतोय, आणि दर वर्षी मुलांना सांगतो की त्याच्या भरवशावर जॉइंट विकत घेऊ नका. वळताना बाहेरच्या चाकावर वजन जास्त येतं हे खरं. पण आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं. म्हणजे डावीकडे वळताना डावा जॉइंट जास्त वाकलेला असतो, आणि झिजलेला जॉइंट ओरडतो तो वाकल्यावरच. एकात भार, दुसऱ्यात कोन. कुठला जिंकेल हे झीज कुठे झालीय त्यावर ठरतं. त्यात चढण असेल, हळू वेग असेल, तर वजनाचा फरक आणखी कमी.

दिशेवरून अंदाज बांधा, निर्णय नको.

कातळवाट

मास्तर, माझ्या कारला मात्र हा नियम दोनदा बरोबर निघालाय. दोन्ही वेळा जॉइंटचा बूट (ग्रीस आत ठेवणारं रबरी आवरण) फाटलेला होता.

आयटीआय_मास्तर

दोन्ही वेळा फाटलेल्या बुटानेच बाजू सांगितली होती की, दिशेने नव्हे! जिप्सीला तो रबरी बूटच नाही. जॉइंट नकलच्या बंद गोळ्यात बसलेला, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तिथे जास्त जपून निदान करावं लागतं.

वेल्ह्याचा_वाटसरू

घाटमाथा, तुमच्या प्रश्नांनी काम झालं. आज शेतावर मुद्दाम काचा खाली करून, रेडिओ बंद करून, बायकोला शेजारी बसवून ऐकलं. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. ती म्हणाली, "आवाज एक नाही, दोन आहेत." आणि खरंच दोन आहेत.

पहिला: 'टक', एकदाच. ब्रेक दाबल्यावर, आणि खड्ड्यात चाक पडल्यावर.
दुसरा: 'कट कट कट', डावीकडे स्टिअरिंग पूर्ण कापून चढताना. ॲक्सिलरेटर सोडला की जवळजवळ बंद.

तेव्हा हब लॉक, फोर एच, म्हणजे चारही चाकांना ताकद. टू एचमध्ये, हब फ्री असताना काय होतं ते वेगळं बघितलं नाही.

घाटमाथा_४२

वहिनींना दंडवत. निम्मं निदान तिथेच झालं. दोन आवाज एकत्र धरले की माणूस चुकीची वस्तू बदलतो, आणि उरलेला आवाज ऐकून नव्या वस्तूलाच दोष देतो.

आता तुमच्या जिप्सीकडे असं एक हत्यार आहे जे आजच्या बऱ्याच गाड्यांकडे नाही: हाताने फिरवायचे हब. त्यांचा उपयोग तपासणीसाठी करा.

हब फ्री ठेवून टू एचमध्ये गाडी चालवली की पुढची चाकं फिरतात, पण आतला ॲक्सल शाफ्ट, जॉइंट, पुढचं डिफरन्शिअल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं), त्याला ताकद आणणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं उभं राहतं. त्या अवस्थेत जो आवाज येईल त्याच्याशी जॉइंटचा काडीचाही संबंध नाही. चाकाचं बेअरिंग, किंग पिनचं (नकल ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचं) बेअरिंग, ब्रेक, पाट्यांचे बुश, टाय रॉड, यांतलं काहीतरी.

मग दोन्ही हब लॉक करा, पण टू एचमध्येच राहा. आता जॉइंट आणि शाफ्ट फिरतात, पण त्यांच्यावर इंजिनचा भार नाही. इथे नवीन आवाज सुरू झाला तर तो फिरणाऱ्या भागांतला: शाफ्ट, डिफरन्शिअल, प्रोपेलरचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा).

शेवटी फोर एच, आणि मातीतच. हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण कापून आठचा आकडा काढा, पुढे आणि मग रिव्हर्समध्येही. इथे जॉइंटवर भार येतो. फक्त इथेच 'कट कट' असेल, आणि स्टिअरिंग सरळ केल्यावर जात असेल, तर संशय जॉइंटवर पक्का.

तिन्ही अवस्थांत काय ऐकू आलं ते कागदावर लिहा. घरी येईपर्यंत डोक्यात सगळं एक होतं.

सह्यभटकी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडेही पार्ट टाइम फोर बाय फोर आहे. ताम्हिणीत पाऊस होता म्हणून फोर एच टाकलं, तर वळणावर गाडी अडखळल्यासारखी, टायर उड्या मारल्यासारखे, खालून कडकड. माझेही जॉइंट गेले का?

घाटमाथा_४२

सह्यभटकी, तुमचं बहुधा काही बिघडलेलं नाही, पण असंच चालवलंत तर बिघडेल. पार्ट टाइम गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शिअल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. मातीत टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात, डांबरावर घसरत नाहीत. मग ताण शाफ्टमध्ये साठतो आणि टायर उडी मारून तो सोडतो. ओला असला तरी घाटातला डांबरी रस्ता फोर एचसाठी नाही. चिखल, वाळू, सुटी खडी, तिथेच टाका.

वाटसरू, म्हणूनच तिसरी चाचणी मातीत करा म्हटलं. डांबरावर केलीत तर निरोगी गाडीही आजारी वाटेल.

सह्यभटकी

धन्यवाद! आजच लिव्हर मागे.

पन्हाळ्याची_लेक

आमच्याकडे बाबांची जुनी जीप आहे. तिच्या पुढच्या ॲक्सलला गोळीचा जॉइंट नाही, क्रॉस आहे, उघड्यावर दिसतो. त्याचा आवाज 'कट कट' नसतो, चिमणीसारखी 'चिव चिव' असते, वेगाबरोबर वाढणारी. क्रॉसच्या वाटीतल्या सुया कोरड्या पडल्या की येते. ओढ्यातून गेल्यावर तासभर बंद होते, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपोआप बरी झाली. पाणी आत गेल्यामुळे उलट गंज चढत असतो.

बाबांचा नेम: पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी प्रत्येक निपलला ग्रीसगन. जुनं ग्रीस तांबूस निघालं तर क्रॉस बदलायचा, काळं निघालं तर नवं भरायचं. गाडी पूजेला उभी राहते ती ग्रीस करूनच.

आयटीआय_मास्तर

बाबांना नमस्कार सांगा. तांबूस म्हणजे सुयांचा गंज, अचूक निरीक्षण.

यानिमित्ताने फरक सांगतो, कारण आवाज त्यातूनच वेगळा होतो. क्रॉस वाकवून फिरवला की एकसारख्या गतीने फिरणाऱ्या शाफ्टपुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. तीस अंश वाकवला तर गती ८७ ते ११५ टक्क्यांच्या मध्ये झुलते. म्हणून क्रॉसवाल्या जीपमध्ये फोर एचमध्ये पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंगला हिसके जाणवतात. तो दोष नव्हे, भूमिती आहे. गोळीच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या नेहमी दोन शाफ्टमधला कोन दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून गती सारखी राहते. त्यात हिसका जाणवला तर गोळ्यांच्या खाचा झिजल्या किंवा गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तडकला असं समजा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये या जागी चार प्रकारचे जॉइंट आले होते: रझेप्पा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा आणि साधा क्रॉस. जो पुरवठादार जे देईल ते बसायचं. तुमच्या जिप्सीतला जॉइंट रझेप्पाच्या घराण्यातला.

कातळवाट

मास्तर, असं सांगत जा. आम्ही वर्गात नसलो तरी बसतो.

मस्कतकर

इथे ओमानात माझी ८० सिरीज लँड क्रूझर आहे. फुल टाइम फोर बाय फोर, त्यामुळे घाटमाथांची हबची चाचणी मला उपलब्ध नाही. जॉइंट कायम फिरतो, कायम भाराखाली. माझ्याकडे कटकट सुरू झाली तेव्हा उघडून पाहिलं, तर गोळ्यांच्या खाचेची एकच बाजू खोदल्यासारखी झाली होती. गाडी मुख्यतः पुढेच जाते, म्हणून भार खाचेच्या एकाच भिंतीवर येतो.

इथल्या जुन्या मेकॅनिकने डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला. आता पुढे जाताना न झिजलेली भिंत काम करते, झिजलेली फक्त रिव्हर्सला. आवाज गेला, अजून चालतेय. हे कायमचं औषध नाही, पण खाचा फक्त झिजल्या असतील, तडा नसेल, तर नवा जॉइंट मिळेपर्यंत गाडी वापरता येते.

वाटसरू, ग्रीसगनने विचारलेल्या ग्रीसच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

वेल्ह्याचा_वाटसरू

रविवारी सगळं केलं. कागद समोर ठेवून लिहितोय.

हब फ्री, टू एच: 'टक' आहे. 'कट कट' अजिबात नाही.
हब लॉक, टू एच: 'टक' तसाच. बाकी बारीक घरघर, कदाचित नेहमीचीच.
हब लॉक, फोर एच, नांगरलेल्या रानात: डावीकडे पूर्ण कापून 'कट कट' स्पष्ट. उजवीकडे अगदी पुसट. रिव्हर्सला जवळजवळ नाही.

ग्रीस: उजव्या गोळ्यावर पातळ काळा थर, घट्ट. डाव्या गोळ्याखाली तेलकट, पातळ, टायरच्या आतल्या भिंतीपर्यंत ओघळ. बोटावर घेतलं तर ग्रीस नव्हे, सार वाटावं इतकं पातळ. वास गिअर ऑइलचा.

एक शंका: बाजू पक्की करायला फक्त डावा हब लॉक करून फोर एच टाकलं तर चालेल का?

घाटमाथा_४२

सुंदर काम केलंत. 'टक' वेगळा, 'कट कट' वेगळा, हे आता तुमच्याच कागदावर सिद्ध झालं.

एक हब लॉक करून फोर एच टाकण्याचा उपयोग नाही. पुढचं डिफरन्शिअल 'ओपन', म्हणजे लॉक न होणारं आहे. उजवा शाफ्ट मोकळा असेल तर सगळी ताकद त्या मोकळ्या शाफ्टला नुसतं गरगर फिरवण्यात जाईल. डाव्या चाकाला जोर मिळणार नाही, म्हणजे जॉइंटवर भारही येणार नाही आणि आवाजही येणार नाही. तुम्हाला वाटेल डावा बरा आहे.

त्याऐवजी उभ्या गाडीवर करा. सपाट जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँड ब्रेक ओढलेला. पुढचा भाग उचलून ॲक्सलखाली दोन्हीकडे घोड्या (जॅक स्टँड) लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. दोन्ही हब लॉक, फोर एच, गाडी गिअरमध्ये. आता प्रोपेलर बांधला गेला. वहिनींनी उजवं चाक घट्ट धरायचं, तुम्ही स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापून डावं चाक पुढे-मागे हलवायचं. थोडा प्ले (ढिलेपणा) डिफरन्शिअलच्या दातांचा असतोच, तो दोन्हीकडे सारखा जाणवेल. बाजू बदलून तेच करा. ज्या बाजूला हाताला खटका जास्त लागतो ती बाजू.

ग्रीसगन

गाडी घोड्यांवर आहे तोवर 'टक'चाही निकाल लावा. स्टिअरिंग सरळ ठेवून चाक वरून आणि खालून धरा, घड्याळातल्या बारा आणि सहावर, आणि हलवा. प्ले आहे? मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबूनही नकलसकट हलतंय तर किंग पिनची बेअरिंगं. तीन आणि नऊवर धरून प्ले असेल तर टाय रॉडचे एंड बघा.

साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं का? एका खड्ड्यानंतर सुरू होऊन ब्रेक लावेपर्यंत थांबत नाही, असं?

वेल्ह्याचा_वाटसरू

थरथरतं! मला वाटायचं बॅलन्सिंगचं आहे. तीन वेळा बॅलन्स करून झालं.

ग्रीसगन

मग किंग पिनच धरून चाला. सलग ॲक्सलच्या गाड्यांत वरचं-खालचं टेपर बेअरिंग सैल झालं की हे होतं. शिम (पातळ चकत्या) काढून पुन्हा घट्ट बसवतात. 'घट्ट' म्हणजे अंदाजाने नव्हे. सील काढून ठेवायचं, नकलला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि नकल हलायला किती जोर लागतो ते मोजायचं. किती हवा ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. काटा नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

आयटीआय_मास्तर

आणि पातळ ग्रीसचं मूळ सांगतो, नाहीतर नवा जॉइंटही वर्षभरात जाईल. ॲक्सल नळीच्या टोकाला, गोळ्याच्या आत, एक ऑइल सील असतं. डिफरन्शिअलचं ऑइल एकीकडे आणि जॉइंटचं ग्रीस दुसरीकडे ठेवणं हे त्याचं काम. ते गेलं की ऑइल गोळ्यात शिरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. जॉइंट उपाशी राहतो, खाचा खरवडल्या जातात.

ते सील का गेलं हेही विचारा. वय हे एक कारण. दुसरं, ॲक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट. तो चिखलाने बुजला की तापलेल्या ॲक्सलमधली हवा सीलमधून वाट काढते. आणि तसाच तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. वाटसरू, तुमच्या वाटेत ओढा आहे. डिफरन्शिअलचं ऑइल काढाल तेव्हा रंग बघा. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय.

खडीक्रशर

आमच्याकडे पुढून भयंकर खरखर होती, दोन गॅरेजनी बेअरिंग सांगितलं. डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला होता. पेचकसाने काढला, आवाज बंद. चाक काढाल तेव्हा तेवढं बघा.

वेल्ह्याचा_वाटसरू

उशीर झाला लिहायला, भातझोडणी चालू होती.

गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, तुमच्या सगळ्या सूचनांचा कागद घेऊन. इथले मिस्त्री वयस्क आहेत, त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि म्हणाले, "या, बरोबर बसा." मी दिवसभर तिथेच होतो.

डावा जॉइंट: सहापैकी तीन खाचा एका बाजूने खडबडीत, नख अडकतं इतक्या. पिंजऱ्याला बारीक तडा. मस्कतकर, म्हणून अदलाबदल केली नाही, नवा टाकला. उजवा जॉइंट: धुऊन, पुसून बघितला, खाचा आरशासारख्या. मॉलिब्डेनमचं नवं ग्रीस भरून तोच बसवला.

डावं आतलं सील कडक होऊन ओठ तुटलेला. दोन्हीकडची सीलं नवी घातली, बाहेरची फेल्टची आणि रबराचीही. ऑइल ताकासारखं होतं, मास्तर. ब्रीदर सुईनेही मोकळा होईना, बदलला.

'टक' दोन्ही बाजूच्या किंग पिनचा. बेअरिंगं बदलून, काट्याने मोजून शिम लावले. साठला आता स्टिअरिंग दोन बोटांत राहतं. हे सगळ्यात मोठं सुख.

कातळवाट

म्हणजे डावीकडे वळताना आवाज आणि गेलेला जॉइंटही डावाच. माझा नियम मी मागे घेतो. मास्तर, कोन जिंकला.

आयटीआय_मास्तर

या वेळी कोन जिंकला. पुढच्या गाडीत भार जिंकेल. हब आणि हात, दोन्ही वापरत राहा.

पन्हाळ्याची_लेक

वाटसरूदादा, ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिनच्या खोलीत नेऊन बांधा. आमच्या जीपला बाबांनी तेच केलंय. नळीचं तोंड खाली वाकवून ठेवा. ओढ्यात ॲक्सल बुडाला तरी पाणी आत खेचलं जात नाही.

वेल्ह्याचा_वाटसरू

ताई, शनिवारी बांधली. ओढा ओलांडून वर चढलो, रानात डावीकडे पूर्ण कापून तीन चकरा मारल्या. काचा खाली होत्या. बायको म्हणाली, "आता फक्त पाण्याचा आवाज येतोय."

ग्रीसगन

छान! महिन्याभराने डिफरन्शिअलचा वरचा बोल्ट उघडून ऑइलचा रंग पुन्हा एकदा बघा. उरलंसुरलं पाणी तेव्हा दिसतं. आणि इथे कळवा.